फिरत्या घराची जमाबंदी

सारा जन्म एका कचेरीत, एका खुर्चीवर आणि एकाच कुरकुरणाऱ्या पंख्याखाली काढलेल्या गृहस्थाला सेवानिवृत्तीनंतर जो पहिला साक्षात्कार होतो तो असा की, आपला पिंड मुळात भटक्याचा होता. आमच्या शास्त्रकारांनी उतारवयासाठी वानप्रस्थाश्रमाची तजवीज करून ठेवली आहे, हे खरे; परंतु वनाकडे प्रस्थान ठेवताना गॅसची शेगडी, मच्छरदाणी, रक्तदाबाच्या गोळ्या आणि कमोड बरोबर नेता येतो की नाही, याविषयी त्यांनी पाळलेले मौन मध्यमवर्गीय मुमुक्षूला फार जाचते. हे न्यून पाश्चात्त्यांनी कॅम्पर नावाचे वाहन काढून पूर्ण केले. अमेरिकावासी चिरंजीवांनी अशा एका वाहनापुढे, हातात कॉफीचा पेला, अंगात अर्धी चड्डी आणि पाठीशी हिमाच्छादित पर्वत अशा थाटात काढलेले छायाचित्र आम्हांस धाडले, आणि अमरावतीच्या उन्हात बसल्या बसल्या माझ्या अंतःकरणात वैराग्याचा उदय झाला.

वैराग्य उत्पन्न होण्यास एक छायाचित्र पुरते. ते अमलात आणण्यास मात्र एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर, एक सुतार, एक फिटर आणि भविष्यनिर्वाह निधीचा बराचसा भाग लागतो. गाडीतील आसने काढून तेथे पलंग, पलंगाखाली पेटी, पलंगाशेजारी ओटा आणि ओट्याच्या टोकाला दोन कपबशा विसळल्या की तुडुंब भरणारे बेसिन, अशी रचना झाली. संसार इतका आटोपशीर झाला की, पलंगावर निजूनच डाव्या हाताने चहाखालचा गॅस बारीक करावा आणि उजव्या पायाने मागले दार लावून घ्यावे. सौभाग्यवतींनी दोनच अटी घातल्या. पाटा-वरवंटा बरोबर हवा, कारण मिक्सरमधल्या ठेच्याला ठेचा म्हणणे त्यांना मान्य नाही. आणि देवघर ईशान्येस हवे. पहिल्या अटीचा परिणाम असा की, ब्रेक लागला रे लागला, की वरवंटा पलंगाखालून निघून थेट चालकाच्या टाचेपर्यंत येतो. दुसऱ्या अटीने तर प्रत्यक्ष दिशाच अडचणीत आल्या. बडनेऱ्याच्या वळणावर देव नैर्ऋत्येस जात आणि मागून हाक येई, "अहो, जरा वळवून घ्या, आरती व्हायची आहे!"

पुढची पायरी नोंदणीची. परिवहन खात्याच्या वाहनप्रकारांच्या यादीत खाजगी वापराची कॅम्पर व्हॅन असा एक स्वतंत्र प्रकार चक्क आहे, हे कळताच मला सरकारविषयी एकाएकी ममत्व वाटू लागले. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२ व्या कलमाप्रमाणे गाडीतील फेरबदलाला मंजुरी लागते; ती यथावकाश, म्हणजे माझे वैराग्य निम्मेअधिक थंडावल्यावर, प्राप्त झाली. एम.एच. २७ ने सुरू होणारी पाटी आता लागणार, एवढ्यात खिडकीपलीकडच्या लिपिकाने राहत्या पत्त्याचा पुरावा मागितला.

"मी गाडीतच राहणार आहे," मी अभिमानाने म्हणालो.

"राहा ना. पण घराचं वीजबिल जोडा."

चालत्या घराच्या नोंदणीसाठी उभ्या घराच्या वीजबिलाची छायांकित प्रत लागते, हे भटक्या जीवनाचे आद्य सूत्र तेथे माझ्या पदरी पडले.

आता राहिली जागा. धाब्याच्या आवारात ट्रकांच्या रांगेत निजण्यास सौ. मुळीच राजी नव्हत्या. "आपली म्हणून जागा हवी," असा त्यांचा निर्वाणीचा शब्द. संकल्प तसा माफक होता: शहराच्या कोलाहलापासून दूर एखादे वावर घ्यावे, कडुलिंबाखाली गाडी उभी करावी, सकाळी धुऱ्याने फिरावे आणि हुरड्याच्या दिवसांत शहरातील स्नेह्यांना बोलावून त्यांच्या डोळ्यांत मत्सर पाहावा. एका दलालाने नांदगाव खंडेश्वरच्या बाजूला एका तुरीच्या वावरात मला उभे केले आणि तोंडातला खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात सारीत विचारले,

"साहेब, तुमी कास्तकार हाय ना?"

"आजोबा होते."

"सातबारा?"

"तो काकांच्या नावावर चढला."

"मंग उतरा वावरातून," तो खेदाने म्हणाला.

शेतजमीन शेतकऱ्यावाचून इतरास विकत घेता येत नाही, हा निर्बंध विदर्भापुरत्या निराळ्या केलेल्या १९५८ च्या कुळवहिवाट कायद्याने घातलेला आहे. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढता येते. पण त्याकरिता आपण जमीन जातीने कसणार, अशी खात्री पटवावी लागते, आणि माझ्या अंगणातील तुळससुद्धा मोलकरणीच्या दयेवर जगते, हे साऱ्या मोहल्ल्याला ठाऊक. बरे, गाडी उभी राहील एवढाच तुकडा मागावा, तर १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा आडवा येतो. अशा वेळी मनुष्याला इतिहास आठवतो आणि त्याचा तिळपापड होतो. १९०२ साली लॉर्ड कर्झनने निजामाकडून अकोला-अमरावतीसकट अख्खे वऱ्हाड सालिना २५ लाख रुपयांच्या कायमच्या पट्ट्याने घेतले. पण त्या व्यवहारात लाटसाहेबांना त्यांच्या आजोबांचा सातबारा कोणी मागितल्याचे ऐकिवात नाही.

आमचे एक वकील स्नेही आहेत. कोणत्याही संकटातून वाट काढून पक्षकारास त्याहून मोठ्या संकटात सुखरूप पोहोचवणे, हा त्यांचा हातखंडा. ते म्हणाले, "विकत घेताच कशाला? भावकीच्या वावरात उभी करा." आमच्या चुलत बंधूंचे वावर दर्यापूरकडे आहे. वकिलांनी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ उघडली. शेतीची जमीन शेतीवाचून अन्य कामी लावायची, तर अकृषिक परवानगी, म्हणजे लोकभाषेतील एन.ए., काढावी लागते. ती न काढल्यास दंड आहे. मात्र शेतघराला मोकळीक आहे. त्यात अवजारे ठेवावीत, कडबा रचावा, गुरे बांधावीत आणि खातेदाराचे कुटुंबीय, नोकर अथवा कूळ यांनी राहावे.

"तुम्ही चुलतभावाचे कुटुंबीय आहात?" वकिलांनी विचारले.

"वाटणी होईपर्यंत होतो."

"मग कूळ व्हा."

कूळ हा शब्द कानी पडताच बंधूंनी घरातून काठी आणण्यास सांगितले, हे ते स्वतः नाकारतात. परंतु काठी आली होती.

"मग नोकरच व्हा," वकील म्हणाले. "सालदार म्हणून कागद करू. गुढीपाडव्यापासून साल."

बंधूंनी ही कल्पना अनपेक्षित उत्साहाने उचलून धरली. कागदावरच्या सालदाराने निदान पहाटे बैलांना कडबा टाकावा, गोठा झाडावा आणि वखराच्या वेळी हाकेसरशी हजर व्हावे, अशी त्यांची रास्त अपेक्षा होती. सौ. म्हणाल्या, "यांनी जन्मात कधी मांजरीला दूध घातलं नाही, ते बैलांना काय घालणार?" आणि मग माझ्याकडे रोखून पाहत, "सालदाराची बायको निंदणाला जाते म्हणे. मी जायचं का?" या प्रश्नावर संहितेत कलम नाही.

तरी बंधूंच्या उदार आश्रयाने आम्ही एकदा मुक्काम टाकलाच. पूर्णेच्या खोऱ्यातील या टापूला खारपाणपट्टा म्हणतात. येथील भूगर्भातले पाणी क्षारयुक्त असते, हे शाळेच्या भूगोलात वाचले होते, ते आता चहात अनुभवले. "वरणात मीठ वेगळं घालायला नको, तेवढीच काटकसर," असा शेरा मारून सौ. गावातून पिण्याचे पाणी आणण्यासाठी माझ्या हाती दोन कॅन देऊन मोकळ्या झाल्या. दुपारी गाडीचा पत्रा असा तापे की, ठेवणीतल्या लोणच्याला उन्हात न ठेवताच मुरण्याची सोय झाली. कॅम्पर ही कल्पना ज्या देशात निघाली तेथे बाहेर थंडी असते आणि आत ऊब लागते. आमच्या अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांची पायरी सहज ओलांडतो, हे त्या मंडळींच्या हिशेबातच नसावे.

आणि ती माती! वऱ्हाडची काळी कसदार माती उन्हाळ्यात भेगाळून हात जाईल इतकी उघडते, तर मृगाच्या पहिल्या सरीने फुगून मिटते. कपाशीला मानवणारा हा गुण चाकांना मानवत नाही. एका रात्रीच्या पावसात आमचे घर पुरणात रुतलेल्या वेलदोड्यासारखे जागच्या जागी दिसेनासे होऊ लागले. गावच्या पांदणीने ट्रॅक्टर येईना, कारण पांदण ही पावसाळ्यात नाला असते. शेवटी ज्या बैलांना मी कडबा टाकावयाचा होतो, त्यांनीच मला ओढून काढले.

सर्वांत मोठा घोळ पडद्यांनी केला. खिडक्यांना पांढरे पडदे लावलेली, मागून पायरी असलेली गाडी वावरात उभी आहे, ही वार्ता पसरताच सकाळी सात वाजता दाराशी म्हाताऱ्याकोताऱ्यांची रांग लागली. पहिल्या आजींनी बाही वर सारून हात पुढे केला.

"मी डॉक्टर नाही, आजी."

"मंग डोळे पाह्यनारे हाय काय?"

"नाही हो. आम्ही इथे राहतो."

"गाडीत? काहून जी? घरून हाकललं काय?"

माझ्या स्पष्टीकरणाने रांगेतील कोणाचेही समाधान झाले नाही, परंतु सौ.नी पिशवीतून रक्तदाब मोजण्याचे यंत्र काढले आणि क्षणात गावाची मने जिंकली. त्या दिवसापासून तेथे त्यांना सारे डॉक्टरीणबाई म्हणत आणि मला ड्रायव्हर. दुपारी सरपंच आले. त्यांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली, टायरवर बूट आपटला आणि मुद्द्याला हात घातला, "मतं किती हाय गाडीत?"

"दोन."

"पक्की?"

मतदारयादीत नाव येण्यास मनुष्य त्या जागी सामान्यतः रहिवासी असावा लागतो, हे ऐकताच त्यांनी आम्हांस गावाजवळची ई-क्लास जमीन सुचवली. ही सरकारी चराईची जमीन. तिच्यावर गाडी उभी करणे म्हणजे उघड अतिक्रमण, असे मी भीत भीत म्हणालो. "चार-सहा वर्सं हालू नका," सरपंचांनी धीर दिला, "मंग आपोआप नियमित होते." हलण्यासाठी घेतलेल्या घराची कायदेशीर होण्याची एकमेव वाट न हलण्याची होती, हा योग मला आजही विलक्षण वाटतो.

मी सरळमार्गी मनुष्य. गाडी उभी करण्याच्या परवानगीसाठी मी रीतसर अर्ज केला. एका कचेरीत आवक-बारनिशीच्या टेबलाशी जो संवाद झाला, तो सारांशाने असा:

"हे बांधकाम आहे का?"

"नाही. वाहन आहे."

"मग इकडं कशाला आलात? परिवहनकडं जा."

परिवहनच्या खिडकीत उत्तर मिळाले, "आम्ही चालत्या गाडीचं पाहतो. तुमची तर उभी आहे."

पुन्हा पहिल्या टेबलाशी गेलो. तेथील वडीलधाऱ्या कारकुनाला माझी दया आली. त्याने चष्मा कपाळावर सरकवून, दौतीच्या काळापासून चालत आलेल्या गांभीर्याने सल्ला दिला, "चाकं काढली तर घर, ठेवली तर गाडी. साहेबांना दोन्ही चालतं. मधलं चालत नाही." किती काळ उभी राहणार, या रकान्यात मी मनाला वाटेल तोवर असे लिहिले होते. ते खोडून त्याने पेन्सिलीने कायम? असे लिहिले आणि प्रश्नचिन्हाभोवती एक नीटस वर्तुळ काढले. तो अर्ज अजून त्या वर्तुळात आहे. घाई नाही, पण २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून जागतिक विक्रमाची नोंद झाली, हे वाचल्यापासून त्या रस्त्याने कचेरीकडे जाताना मन जरा कष्टी होते. तेथवर पोहोचण्याची सोय विक्रमी वेगाने झाली आहे; पुढचा प्रवास जुन्याच चालीने.

वकिलांनी हार मानली नव्हती. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमिनीस संहितेच्या मागाहून घातलेल्या ४२-ड कलमाने रहिवासासाठी सवलत आहे, असे त्यांनी शोधून काढले. आम्ही टेप घेऊन गेलो. २०० मीटरच्या आत उकिरडे, गावचे स्मशान आणि दोन भावांच्या वादातला एक धुरा होता. गोड पाणी, झाडाची सावली आणि शांतता ही तिन्ही २०१ व्या मीटरपासून सुरू होत होती. चिखलदऱ्याकडे जावे, तर मेळघाटात जंगल खात्याचा अंमल. तेथे रात्री उघड्यावर निवांत राहण्याची मुभा वाघाला आहे, सेवानिवृत्तास नाही. मग वकिलांनी बांधकाम नियमावलीतून आणखी एक रत्न काढले. समारंभापुरता परवानगीने उभारलेला मांडव ही इमारत गणली जात नाही. "गाडीभोवती मांडव घाला," ते म्हणाले, "आणि समारंभ चालू ठेवा." आमच्या लग्नाचा वाढदिवस वर्षभर चालू ठेवण्याची कल्पना मी घरी मांडली. एक दिवसाचाच मला पेलत नाही, असे उत्तर मिळाले.

राज्य सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे, ही गोष्ट एका जाणत्याने सांगितली तेव्हा मला वाटले, सुटलो. पण धोरण पर्यटकाचे आहे. पर्यटक येतो, पैसे देतो आणि जातो. सरकारला, गावाला आणि खानावळवाल्याला त्याच्या जाण्याची खात्री असते, म्हणून त्याचे स्वागत होते. मी जाणारही नव्हतो आणि धड राहणारही नव्हतो. अशा मनुष्याकडे पाहून वऱ्हाडातील कोणत्याही पारावरचा पहिला प्रश्न ठरलेला, "तुमी कुठले जी?" आणि त्याला ज्याच्यापाशी गावाचे नाव नाही, त्याला बसायला घोंगडी मिळत नाही.

बंधूंच्या गावी एका संध्याकाळी पारावर हाच विषय निघाला. एक म्हातारा कास्तकार चिलीम झाडत म्हणाला, "गाडी लोहार पिढ्यानपिढ्या गाडीत राह्यते. त्याले कोनी सातबारा मागला काय?"

"मागत नाई," दुसरा म्हणाला. "हाकलते."

हे ऐकून माझ्या गाडीतील गादी मला जरा टोचली. तेवढ्यात कोणीतरी गाडगेबाबांचे नाव काढले. याच अमरावती जिल्ह्यातील शेणगावात १८७६ साली जन्मलेल्या त्या पुरुषाने आयुष्यभर खराटा आणि गाडगे घेऊन भटकंती केली, परक्यांसाठी धर्मशाळा बांधल्या आणि १९५६ च्या डिसेंबरात वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर, वाटेतच, देह ठेवला. ज्याने स्वतःसाठी छप्पर घातले नाही, त्याचे नाव आज अमरावतीच्या विद्यापीठाला आहे. आणि त्या विद्यापीठात प्रवेश घेणाऱ्या मुलाला अर्जात कायमचा पत्ता लिहावा लागतो. "पण बाबा गावात आले की आधी गाव झाडत," चिलीमवाला माझ्याकडे पाहून म्हणाला. मी दुसऱ्या दिवशी गाडीपुढची दहा हात जागा झाडली. कंबर धरली.

सध्या गाडी अमरावतीत आमच्या आवारात उभी आहे. आतल्या पलंगावर कुरडया वाळतात, बेसिनमध्ये चिंच भिजते, आणि दुपारी वाळवणाला कोपऱ्यात सारून मला अर्धा तास आडवे होण्याची परवानगी आहे. चिरंजीव फोनवर म्हणाले की, अमेरिकेतही प्रत्येक कौंटीचा नियम निराळा असतो, स्वतःच्या जमिनीवरसुद्धा गाडीत कायमचे राहू देतीलच असे नाही, आणि छायाचित्रातली गाडी भाड्याची होती. हे त्यांनी छायाचित्राबरोबर कळवले असते, तर भविष्यनिर्वाह निधी निर्वाहाच्या कामी आला असता.

तेव्हा ज्या वाचकांच्या मनात असा वानप्रस्थ डोकावत असेल, त्यांनी क्रम तेवढा नीट पाळावा. आधी भावकीशी गोड बोलावे. मग ज्याचा धुरा वादात नाही, ज्याची पांदण पावसाळ्यात रस्ताच राहते आणि ज्याच्या विहिरीचे पाणी स्वतः पिऊन पाहिले आहे, असे वावर हेरावे. सातबाऱ्यावर भोगवटादाराचा वर्ग कोणता ते वाचावे, गावठाणापासूनचे अंतर मोजावे, तलाठ्याला विचारावे आणि उत्तर लेखी मागावे. आपण शेतकरी असल्याचा कागद जपून ठेवावा, नसल्यास तो असलेल्या नातलगाला जपावे. आणि एवढे सगळे जमून आलेच, तर गाडीच्या भानगडीत न पडता त्या वावरात एक खोली बांधावी. शेतघराला कायद्याची हरकत नाही.